कौसाआत्याची मूठ

कौसाआत्याला तुम्ही काहीही विचारा, तिचं पहिलं उत्तर ‘अजून नाय’ असंच यायचं. चहा झाला का? अजून नाय. जेवलीस का? अजून नाय. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला विचारलं, पोरगा पसंत पडला का, तर म्हणे, अजून नाय. लग्न होऊन मी शहरात छावणी भागात राहायला गेले, मला लेकरं झाली, तरी माझ्या नवऱ्याबद्दल तिचं मत तेच राहिलं. तो बिचारा दर दिवाळीला तिच्या पाया पडायचा आणि ती त्याला आशीर्वाद देता देता माझ्याकडे बघून मान हलवायची.

आमचं गाव सिल्लोडच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत. सगळी जमीन कोरडवाहू. पेरणी पावसावर आणि पाऊस त्याच्या मर्जीवर. आत्या गावची लेक. तरुणपणी नवरा गेला, माहेरी परत आली, भावांनी ओढ्याकाठचं एक वावर तिला काढून दिलं आणि तेव्हापासून ती अख्ख्या गावाची आत्या झाली. तिचं घर आमच्या घराला खेटून. माझा भाऊ अशोक आपल्याच बैलांनी तिचं वावर करून द्यायचा, आणि त्याबद्दल ती त्याला वर्षभर शिव्या द्यायची. वखर उथळ चालवला, पाळी वाकडी घातली, बैलाला पाणी नाही दाखवलं. शिव्या देऊन झाल्या की त्याला धपाटे खायला घालायची.

आमच्याकडं तिफणीनं पेरायची रीत अजून आहे. बैल तिफण ओढतात, तिफणीच्या डोक्यावर लाकडी चाडं असतं आणि मागं चालणारी बाई ओटीतलं बी मुठीनं त्या चाड्यात सोडत जाते. याला मूठ धरणं म्हणतात. आता ट्रॅक्टर आलेत, बहुतेक वावरं त्यांनीच पेरतात, पण गावातली पहिली मूठ तिफणीवरच पडायची आणि ती आत्याचीच असायची. तिची मूठ पडली नाही तोवर गावात कुणी बियाण्याची थैली फोडत नसे. विधवेच्या हातची पहिली मूठ कशी, म्हणून जुन्या बायका कुरकुरल्या म्हणे. पण लागोपाठ काही सालं पिकलं तसं त्यांचं तोंड बंद झालं, आणि पिकाच्या पुढं कुणाचं काय चालतं?

ती करायची काय, तर पाऊस पडून गेला की दोन दिवसांनी अनवाणी वावरात उतरायची. टाच रुतवून बघायची. मग खुरप्यानं वीतभर उकरायची, खालच्या मातीचा मुटका वळायची आणि समोर टाकायची. मुटका फुटून मोकळा झाला म्हणजे वाफसा आला, आता पेरा. चिखलाचा गोळा तसाच राहिला तर थांबा. आणि वर ओल, खाली कोरडं असलं तर गुमान घरी जा. यात गुपित काही नाही. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. फरक इतकाच, की आभाळ गडगडलं की बाकीच्यांचे हात शिवशिवायला लागत आणि आत्या मात्र ओट्यावर बसून मिसरी घासत राही.

एकदा मी तिला विचारलं, “आत्या, तुला कसं गं बरोबर कळतं?”

“मला डोंबल कळतं,” ती म्हणाली. “मी भिते. सासरी एकदा घाई केली व्हती. पेरलं, पाऊस गेला, पुन्हा पेरलं, पुन्हा गेला. घरात खायचे दाणे व्हते ते पण भुईत गेले. तव्हापासून मला भ्या वाटतं. भ्या वाटतं म्हणून थांबते. लोकायला वाटतं हिला अक्कल हाय.”

मोबाइलवर हवामानाचा निरोप यायचा, तोही ती अशोककडून वाचून घ्यायची. मोबाइलवर तिचा राग नव्हता. पंचांगात नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, तेही विचारायची. सगळ्यांचं ऐकून झालं की म्हणायची, “आभाळाचं सगळे सांगतेत. ढेकळाचं कोण सांगल?”

एका वर्षी अशोकला अशी घाई झाली, की त्यानं आत्याला न विचारता भल्या सकाळी तिफण जुंपली. वावराच्या तोंडाशी गेला तर आत्या वाटेत मांडी घालून बसलेली. मांडीवर मिसरीची डबी. अशोक म्हणाला, आत्या, बाजूला हो. ती म्हणाली, बैलायला सांग, माझ्या अंगावरनं जा म्हणून. हा तिथं उभा, ती तिथं बसलेली, आणि बैल मजेत तिच्या डोक्यावरच्या बाभळीचा पाला खातायत. ऊन तापल्यावर अशोकच कंटाळला आणि तिफण घेऊन परत आला. मी पेरणीला माहेरी आलेले, तर घरी येऊन माझ्यावर खेकसला, जसं काही मीच तिला तिथं नेऊन बसवलं होतं.

दुसरी गोष्ट सिल्लोडच्या लग्नातली. आमच्या भावकीतलं लग्न, मांडवात पंगत बसलेली. आत्या पानावर बसून बुंदी खात होती. अचानक तिनं हात थांबवला, कनातीतून येणाऱ्या वाऱ्याकडं तोंड केलं आणि ताट सारून उठली. तिला उठताना पाहिलं तसं आमच्या गावचं एकेक माणूस पान सोडून उठायला लागलं. जीप काढा, टेम्पो काढा, एकच गडबड. नवरीच्या बापाला वाटलं, पाहुण्यांचा मानपान चुकला. तो बिचारा हात जोडून मागं धावतोय आणि आत्या जीपमधून त्याला सांगतीय, “बुंदी झकास झाली, दादा. पण आमच्या वावराला वाफसा आला असंल.” ही गोष्ट आमच्याकडं अजून रंगवून सांगतात.

मी हे हसण्यासारखं आधी सांगतेय, कारण पुढचं सांगताना माझीच मान खाली जाते.

नंतर एका उन्हाळ्यात तालुक्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता. गावातल्या पोरांनी आत्याचं नाव पुढं केलं आणि तिचा सत्कार ठरला. मी छावणीतून मुद्दाम बसनं गेले. मंडप खचाखच भरलेला. आत्याला व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला, तिच्यावर भाषण झालं. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते, ते ती पदराखाली लपवत होती. मग बोलणाऱ्यानं माइक तिच्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, “आत्या, यंदा पेरणी कधी करायची ते शेतकरी बांधवांना सांगा.”

आम्ही गावचे लोक एकमेकांकडं बघून हसलो. आम्हाला उत्तर पाठ होतं. आत्यानं पदर सारखा केला, समोरच्या गर्दीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “मिरगात पेरा. बिनघोर पेरा. माझी मूठ मिरगातच पडल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी मोबाइल वर धरलेलेच होते. जन्मात तिनं कधी आधीपासून दिवस सांगितला नव्हता, आणि आता तिचा शब्द गावोगावी फिरायला लागला. परत येताना जीपमध्ये तिनं शाल मांडीवर घेतली आणि वाटभर तिच्यावरून हात फिरवत बसली. “सुमे,” ती मला म्हणाली, “लोक लई व्हते गं.” त्या दिवशी शालीनं तिची भीती घालवली, असं मला आता वाटतं. तेव्हा मला काही वाटलं नाही. मी तिचा फोटो काढला.

मृग निघाला आणि एक पाऊस पडला. बरा पडला, पण आत्याच्या हिशोबाचा नव्हता. लोक मात्र तिच्या दारात जमायला लागले. आसपासच्या गावांतून अशोकच्या मोबाइलवर विचारणा सुरू झाली, आत्याची मूठ पडली का? मी पेरणीला म्हणून माहेरी आलेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या एकटीच पुढं वावरात गेली. तिनं उकरून पाहिलं. वर ओल, खाली कोरडं. तिनं उकरलेली माती पायानं पुन्हा झाकली आणि बांधावर येऊन, मागून तिफण घेऊन पोचलेल्या अशोकला म्हणाली, “जुंप.” हे तिनंच मला नंतर सांगितलं. तिला वाटत होतं, ते कुणी पाहिलं नाही.

तिच्या वावराला लागून शेवंताचं वावर. शेवंता ही गावची सून, नवरा वाळूजला कारखान्यात, वावर सगळं हीच बघायची. तिच्याकडं पांढऱ्या तुरीचं बी होतं, घरचं. लग्नात तिच्या आईनं ओटीत घातलेलं. ती ते दर वर्षी राखेत कालवून गाडग्यात ठेवायची आणि गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपायची. त्या तुरीच्या डाळीचं वरण मी खाल्लंय. तसली डाळ मला शहरात औरंगपुऱ्यातल्या कुठल्याच दुकानात मिळालेली नाही. शेवंता दर सालाला अर्धं बी पेरायची आणि अर्धं मागं ठेवायची, न जाणो पाऊस फसला तर.

आत्याची मूठ पडून झाल्यावर शेवंता गाडगं घेऊन बांधावर आली. मी तिथंच पाण्याची कळशी घेऊन उभी होते. शेवंता म्हणाली, “आत्या, थोडं बी मागं ठिवू का?”

कधी नव्हे ते आत्याला हे लागलं. ती म्हणाली, “माझ्या मुठीवर भरवसा नाय का? पेर सगळं.”

शेवंतानं सगळं पेरलं. गाडगं पालथं करून हातानं झटकलं. त्यानंतर चार दिवसांत गावानं सगळं शिवार पेरून काढलं.

मग पावसानं ओढ दिली. बी उगवलं, पानं धरली, आणि ऊन लागलं तशी माना टाकायला लागली. आर्द्रा कोरडी गेली. आत्या सकाळ-संध्याकाळ वावरात जायची आणि एकेका कोंबाजवळ बसायची. पुढं पाऊस झाला तेव्हा रोपं जळून गेलेली होती. सगळ्या गावाला दुबार पेरावं लागलं. लोकांनी दुकानातून बियाणं आणलं, पुन्हा पेरलं, आणि थोडंफार पिकलंही. शेवंतानं दुकानातली तूर आणली. ती उगवली, पण ती ती नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, गावानं आत्याला फाडून खाल्लं असेल. तसं काही झालं नाही. एक माणूस तिला वाकडा शब्द बोललं नाही. जो तो येऊन म्हणे, आत्या, पावसाचं कुणाच्या हातात हाय? तुमचा काय दोष? शेवंतासुद्धा म्हणाली, जाऊ द्या आत्या. मीही छावणीतून फोन करून तेच म्हणाले, तेव्हा ती बोलली.

“सुमे, एक बी माणूस शिवी देईना गं. मला ठाऊक हाय मी काय केलं. खाली ओल नव्हती. मी बघून झाकलं. लोकात शब्द दिला व्हता, तो खोटा पडल म्हणून झाकलं. कुणी तोंडावर इचारलं असतं, तर मी कबूल झाले असते. कुणी इचारीतच नाय. मला हे तोंड घेऊन कसं फिरावं ते कळंना.”

मी म्हणाले, मग तूच सांग ना सगळ्यांना. ती म्हणाली, “जीभ रेटंना.”

शाल तिनं वासराच्या अंगावर घातली. शेवंताच्या दारावरून जाणारी वाट सोडली आणि ओढ्यातून, काट्याकुट्यातून वावरात जायला लागली. हिवाळ्यात ती पांढरी तूर शोधत फिरली. सिल्लोडच्या बाजारात गेली, भोकरदनकडं पाहुण्यांच्या गावोगावी गेली, शेवंताच्या माहेरीही जाऊन आली. शेवंताचा भाऊ म्हणाला, आता कुठली ती तूर, मायबरोबरच गेली. आत्या छावणीत माझ्याकडं आली तेव्हा तिच्या टाचा फुटून रक्त आलेलं होतं. मी तेल गरम करून आणलं, तर पाय आखडून घेतले. “राहू दे,” म्हणाली. माझ्या घरात ती दोन दिवस राहिली आणि माझ्या नवऱ्याशी मान वर करून बोलली नाही. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि दमदार आला. वीतभर काय, हातभर ओल गेली. मी माहेरी पोचले तर गावात सामसूम. वाफसा आलेला, ऊन कडक पडलेलं, तिफणी मारुतीच्या पारापुढं आणून ठेवलेल्या, ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टरवरच बसून, आणि कुणी हलेना. आत्याची मूठ पडली नव्हती. आत्या दार लावून घरात बसली होती.

मला संताप आला. अहो, ज्या बाईची मूठ गेल्या साली फसली तिचीच यंदा कशाला वाट बघता? पण रीत ती रीत. आपण पुढं झालो आणि फसलं तर नाव आपल्यावर येईल, ही भीती प्रत्येकाला. काळ्या रानातला वाफसा असा कुणासाठी थांबून राहत नाही. दोन-तीन उन्हं खाल्ली की भुई आवळते, मग पुढच्या पावसाची वाट बघा. म्हातारी माणसं तिच्या दाराशी जाऊन विनवून आली. अशोक गेला. त्याला तिनं आतूनच सांगितलं, “ज्याच्या त्याच्या ढेकळाला ज्यानं त्यानं इचारा.”

मी गेले तर मलाही दार उघडलं नाही. मी ओट्यावर बसून राहिले. अंगणात गाव उभं. तेवढ्यात शेवंता आली. डोक्यावर बियाण्याची पाटी, पदर खोचलेला. पाटी खाली ठेवून तिनं दारावर थाप मारली.

“आत्या, भाईर ये. मला बोलायचंय.”

तिनं पुन्हा थाप मारली.

“नाय येत तर तिथूनच ऐक. मह्या मायचं बी तू मातीत घातलं. पावसानं नाय, देवानं नाय. तू. मी मागं ठिवीत व्हते, तू ठिवू दिलं नाय. आन् मी तव्हा बांधावर बाभळीआड व्हते. तू उकरलं, बघितलं आन् पायानं झाकलं. मह्या डोळ्यानं बघितलं मी.”

कडी वाजली आणि दार उघडलं. आत्या उंबऱ्यात उभी होती. वर्षभरात तिची पार रया गेली होती.

“मंग तव्हाच कामून नाय बोललीस?” तिनं विचारलं.

“तू आत्या. सारं गाव तुला मानतं. मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसंल,” शेवंता म्हणाली आणि तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. “आन् मागून बोलावं तर तू वाटच बदलली. वर्षभर मी दारात उभी ऱ्हायची, आज येईल, आज येईल. तू काट्यातून गेलीस, पण मह्या दारावरून नाय गेलीस. जाऊ द्या आत्या, म्हणले मी. जाऊ द्यायचं नव्हतं मला. मला मह्या मायची तूर पाह्यजे व्हती.”

आत्याची मान खाली होती. “बोल,” ती म्हणाली. “अजून बोल.”

“काय बोलू? एकदा मिजाशीनं बी मारलं, आता लाजेनं मारती का? भुई वाळत चाललीय. हे समदे तुझ्या तोंडाकडं बघत बसलेत.”

आत्यानं पहिल्यांदा वर पाहिलं, शेवंताकडं नाही, अंगणातल्या लोकांकडं. “ही सांगती ते खरं हाय,” ती म्हणाली. “खाली ओल नव्हती. मला दिसलं व्हतं.” मोठ्यानं म्हणाली, मागं उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हाताऱ्या माणसांनी जमिनीकडं पाहिलं. मला तर त्या ओट्यावरून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. वर्षभर आम्ही सगळ्यांनी तिची समजूत घातली होती आणि एकालाही तिला धड विचारायचं सुचलं नव्हतं.

शेवंतानं डोळे पुसले आणि पाटी उचलली. “मला बोलत बसायला येळ नाय. आधी महं वावर पेरायचंय. मोघ्याला माणूस नाय. येती का?”

मोघा म्हणजे बांबूची एकटी नळी, दोरीनं तिफणीच्या मागं बांधलेली. तिफणीत बाजरी, आणि मधल्या एखाद्या तासात, म्हणजे ओळीत, तूर टाकायची असली की एक बाई मागून तो मोघा धरून चालते. ते काम नव्या सुनांना देतात, शिकायला.

आत्या उंबऱ्यातून खाली उतरली आणि शेवंताच्या मागं चालायला लागली. अशोकनं बैल सोडून तिफणीला जुंपले. त्यांच्या मागून अख्खं गाव वावरापर्यंत आलं आणि बांधावर उभं राहिलं. चाड्यापाशी शेवंता उभी राहिली. तिनं ओटी भरून घेतली, तिफणीला हळदकुंकू वाहिलं आणि त्या वर्षीची गावातली पहिली मूठ सोडली. आत्यानं मोघ्याची दोरी धरली.

मला त्याच दिवशी परत निघायचं होतं. त्यानंतर मी आत्याला पाहिलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली, झोपेतच. मला बातमी कळून गावात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून माझ्याजवळ तिचं शेवटचं आहे ते एवढंच. पुढं बैल, मग अशोक, मग शेवंता, आणि सगळ्यांत मागं वाकलेली कौसाआत्या, ओटीत दुकानातली तूर घेऊन. सगळं गाव बघत होतं. तास अर्धं झालं असेल, तेवढ्यात शेवंतानं मान वळवली.

“आत्या, तूर दाट पडती. हात आवर.”

“व्हय,” आत्या म्हणाली, आणि तिनं हात आवरला.